दंतचक्र पेटी, स्वयंचलित : दोषनिदान

वाहनाचा वेग व एंजिनावरील भार यांनुसार चालकाच्या हस्तक्षेपाशिवाय गिअर बदलणाऱ्या यंत्रणेस स्वयंचलित दंतचक्र पेटी म्हणतात. गिअर बदलण्यात दोष निर्माण झाल्यास त्याचे मूळ तेलात, विद्युत् नियंत्रणात की यांत्रिक भागांत आहे, हे पेटी न उघडता क्रमाक्रमाने ठरविणे म्हणजे दोषनिदान होय. पेटी उघडून जोडण्याचे काम खर्चिक व विशेष कौशल्याचे असल्याने जुन्या वाहनाच्या बाबतीत या क्रमाला फार महत्त्व आहे.

जर्मन अभियंते हेर्मान फटिंगर यांनी १९०५ मध्ये द्रवचलित परिबल परिवर्तकाचे एकस्व घेतले. अमेरिकेत १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत ‘हायड्रामॅटिक’ ही पूर्णतः स्वयंचलित पेटी आली. भारतीय बनावटीच्या एसयूव्ही वाहनांपैकी स्कॉर्पिओची स्वयंचलित आवृत्ती २००८ मध्ये, तर चाकण येथे तयार झालेल्या एक्सयूव्ही ५०० ची २०१५ मध्ये बाजारात आली.

रचना व कार्य : एंजिनाची शक्ती परिबल परिवर्तकातील तेलामार्फत ग्रहीय दंतचक्रांच्या संचाकडे जाते. या संचातील वेगवेगळे भाग क्लच व पट्टे यांनी पकडले वा सोडले की गिअर बदलतो. क्लच दाबण्याचे काम पंपाने दाबाखाली आणलेले तेल करते व ते कोठे जावे हे विद्युत् चुंबकीय झडपा ठरवितात. म्हणजे एकच तेल शक्ती वाहून नेते, क्लच दाबते, वंगण पुरविते व उष्णताही काढून नेते. त्यामुळे निदानाचा आरंभ तेलापासून करतात.

तपासणीचा क्रम : तेलाची पातळी निर्मात्याने सांगितलेल्या तापमानाला व पद्धतीने पाहतात. पातळी कमी असल्यास पंप हवा ओढतो. जास्त असल्यास फिरते भाग तेल घुसळतात. दोन्ही प्रकारांत फेस होऊन दाब घटतो. काळपट व जळका वास येणारे तेल क्लच तापल्याचे, तर दुधाळ तेल त्यात पाणी शिरल्याचे लक्षण होय. रेडिएटरमधील तेलशीतक फुटल्यास असे पाणी शिरते.

यानंतर विद्युत् घटमालेचा दाब, भूयोजन, तारा व जोडण्या पाहतात आणि नियंत्रकातील दोषसंकेत वाचतात. ‘पी ०७००’ हा संकेत पेटीच्या नियंत्रणात दोष नोंदला गेला आहे एवढेच सांगतो. ‘पी ०७३०’ गिअरचे गुणोत्तर चुकल्याचे दर्शवितो. संकेत दोषाची दिशा दाखवितो, बदलावयाचा भाग नव्हे.

लक्षणांवरून अनुमान : सर्वच गिअर घसरत असल्यास तेलाची पातळी, गाळणी किंवा पंप यांचा संशय घेतात, एकच गिअर घसरत असल्यास त्याचा क्लच, पट्टा किंवा झडप यांचा. सकाळी थंड गाडी गिअर घेण्यास विलंब लावत असल्यास कडक झालेली रबरी सीले हे एक कारण असते. वाहन एकाच गिअरमध्ये अडकून राहिल्यास नियंत्रकाने पेटीच्या संरक्षणार्थ स्वीकारलेली ती आपत्कालीन अवस्था असू शकते. स्थिर वेगात थरथर होत असताना ब्रेक किंचित दाबताच ती थांबल्यास परिवर्तकातील बंधक क्लच सदोष असण्याचा संभव असतो. न थांबल्यास एंजिनाची तपासणी आधी करतात. यापुढे दाबमापकाने तेलदाब मोजतात आणि अखेरीस पेटी उघडतात.

स्थानिक परिस्थिती : माणदेशातील आटपाडी (जि. सांगली) हा अवर्षणप्रवण भाग आहे. उन्हाळ्यात तापमान सु. ४०° से. पर्यंत चढते. रेडिएटर व तेलशीतक यांच्या पातळ पत्र्यांत धूळ बसल्यास तेल पुरेसे निवत नाही. भरलेले वाहन विटा-कराडमार्गे कोकणात नेऊन परतताना कुंभार्ली घाट चढू लागले की तापमान आणखी वाढते. तापमान दर सु. १०° से. ने वाढल्यास तेलाचे आयुष्य साधारणतः निम्मे होते, असा ठोकताळा आहे. म्हणून तेथील वाहनात शीतकाची स्वच्छता हा निदानाचाच भाग मानावा लागतो.

बंद पडलेले वाहन दोर बांधून ट्रॅक्टरमागे ओढून नेण्याची रीत मात्र घातक ठरते. तेलपंप एंजिनाने फिरतो; एंजिन बंद असता चाके पेटीतील भाग फिरवितात, पण त्यांना वंगण मिळत नाही. त्यामुळे तुटलेल्या तारेसारखा किरकोळ दोष कार्यशाळेत पोहोचेपर्यंत संपूर्ण पेटीच्या नाशात परिणत होऊ शकतो. असे वाहन चालक चाके उचलून, आणि चारही चाकांना शक्ती देणारे असल्यास मालवाहू गाडीवर चढवून न्यावे लागते. [⟶ मोटारगाडी].