उणे ६०

मूत्रपिंडात गाठ आहे असे कळताच रुग्णाच्या मनात कर्करोगाची भीती दाटते. ती निराधार नसते, कारण तेथील बहुतेक घन गाठी कर्करोगाच्याच असतात. परंतु सर्वच नव्हेत, हे मला एका चुकीने शिकविले.

काही वर्षांपूर्वी एका शिक्षिकेचा सीटी स्कॅन माझ्याकडे आला. केवळ कॉन्ट्रास्ट दिल्यानंतरच्या जाड छेदांच्या प्रतिमा समोर होत्या. डाव्या मूत्रपिंडात ३ सेंटिमीटरची, कॉन्ट्रास्टने उजळणारी गाठ होती. 'कर्करोगाची दाट शक्यता' असा अहवाल मी दिला. शस्त्रक्रियेचा दिवसही ठरला. मन मात्र स्वस्थ बसेना. शल्यचिकित्सकांशी बोलून मी कॉन्ट्रास्टविना, पातळ छेदांचा स्कॅन पुन्हा केला. गाठीच्या कडेला एक काळसर ठिपका दिसला. त्याची घनता भरली उणे ६०.

गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मापनात पाणी शून्यावर, हवा उणे १००० वर, तर चरबी साधारणतः उणे १०० च्या आसपास असते. मूत्रपिंडाच्या गाठीत उणे १० हून खाली घनता आढळली, तर ती बहुधा अँजिओमायोलिपोमा असते. रक्तवाहिन्या, अनैच्छिक स्नायू आणि चरबी यांची ही सौम्य गाठ होय. जाड छेदांत चरबीचा छोटा ठिपका शेजारच्या ऊतींच्या सरासरीत हरवतो; कॉन्ट्रास्टने तो अधिकच झाकोळतो.

सीटीलाही मर्यादा आहेत. काही अँजिओमायोलिपोमांत चरबी दिसण्याइतकी नसते. क्वचित कर्करोगातही चरबी आढळते. सोबत कॅल्शियमचे कण असल्यास विशेष सावध राहावे. आँकोसायटोमातील ताऱ्यासारखा मध्यवर्ती व्रण कर्करोगातही दिसू शकतो. अशा वेळी एमआरआय किंवा सुईने घेतलेल्या तुकड्याची तपासणी यांचा आधार घ्यावा लागतो.

मी माझा अहवाल दुरुस्त केला. शस्त्रक्रिया रद्द झाली आणि बाईंचे मूत्रपिंड वाचले. गाठ ४ सेंटिमीटरहून मोठी झाल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून त्या नियमित तपासणीस येतात.

व्यवसायबंधूंना एवढीच विनंती, की अशा गाठीसाठी स्कॅन सुचविताना चिठ्ठीवर एक ओळ अवश्य लिहावी: 'प्रथम कॉन्ट्रास्टविना, पातळ छेद.' त्या एका ओळीने एखाद्याचा निरोगी अवयव वाचू शकेल.