शिधा वाटेत कोठे ठेवावा?

वाशीहून बार्शीस पायी जाणारा एका वेळेची भाकरी बांधून निघतो. पुढे गावे आहेत, हा त्याचा भरवसा. वाळवंटात तो नसतो, म्हणून तेथे शिधा आधीच वाटेवर नेऊन ठेवावा लागतो. दक्षिण ध्रुवाभोवतालचा प्रदेश हेही बर्फाचे वाळवंटच होय. तेथे 1911 साली कॅप्टन स्कॉट यांनी 80 दक्षिण अक्षांशावर सुमारे एक टन सामग्री ठेवण्याचे योजिले होते. परंतु तट्टे थकल्यामुळे ती सुमारे 31 सागरी मैल अलीकडेच ठेविली. 1912 साली परतताना वादळात अडकून ते व त्यांचे दोन सोबती त्या साठ्यापासून अवघ्या 11 सागरी मैलांवर मरण पावले. विद्यार्थ्यांनो, दोन साठ्यांमधील अंतर ताज्या पायांनी मोजू नये. थकलेल्या पायांनी मोजावे, आणि अडून पडण्याच्या दिवसांचा शिधाही त्यात धरावा.