शटरवर बँकेची नोटीस लागली, आता भाडं कोणाला द्यायचं?



सकाळी दुकान उघडायला जावं आणि शटरवर बँकेचा कागद चिकटवलेला असावा. त्यावर नाव तुमचं नाही, गाळामालकाचं. खाली थकबाकीचा आकडा. शेजारपाजारचे वाचून गेलेले असतात आणि दुपारपर्यंत बाजारभर बोभाटा होतो की याचं दुकान बुडालं! हप्ते थकवले मालकाने आणि इभ्रत गेली तुमची. व्हिडिओत या विषयाला जेमतेम पाच मिनिटं मिळाली, म्हणून इथे जरा सविस्तर सांगतो.

आधी तो कागद शांतपणे वाचा आणि मोबाईलवर त्याचा फोटो काढून ठेवा. गहाण मालमत्तेवर बँक बहुतेक वेळा सरफेसी कायदा, २००२ खाली कारवाई करते. कलम १३(२) ची मागणी नोटीस कर्जदाराला जाते आणि पैसे भरायला त्याला ६० दिवस मिळतात. ही नोटीस तुमच्यापर्यंत येतच नाही. मालक रोज दुकानावर येऊन चहा पिऊन जातो, पण त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. ६० दिवसांत पैसे भरले नाहीत, तर कलम १३(४) खाली ताब्याची नोटीस निघते. ती मालमत्तेवर चिकटवतात आणि दोन वर्तमानपत्रांत छापतात, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. हा ताबा बरेचदा ‘सांकेतिक’, म्हणजे कागदावरचा असतो. उद्याच तुमचं सामान रस्त्यावर येणार, असा त्याचा अर्थ होत नाही. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक सहसा कलम १४ खाली जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करते आणि त्यात वेळ जातो. पण नोटीस बघूनही झोपून राहिलात, तर तो वेळ फुकट जाईल.

आता भाड्याचं बघू. नोटीस दिसली की निम्मे दुकानदार म्हणतात, “आता कशाला भाडं द्यायचं? थांबवा!” असं अजिबात करू नका. भाडं थकवलं की तुम्हाला बाहेर काढायचं कारण तुम्ही स्वतःच हातात देता. आधी मालकाच्या, मग बँकेच्या.

बँकेने तुम्हाला काही लेखी कळवलेलं नाही, तोपर्यंत भाडं करारातल्या मालकालाच द्यायचं. मात्र चेकने किंवा ऑनलाइन, दर महिन्याला, आणि पावती घेऊन. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे पावती देणं हे मालकाचं कर्तव्य आहे, त्यात कसली भीड? कलम १३(४) खाली बँक ‘यापुढची रक्कम आमच्याकडे भरा’ असं तुम्हाला लेखी कळवू शकते. असं पत्र आलं की बँकेत भरा. कायदाच सांगतो की अशी रक्कम बँकेला दिली की मालकाचं तेवढं देणं फिटलं. मालकाने कितीही आरडाओरडा केला, तरी त्याला पत्राची प्रत आणि बँकेची पावती दाखवा.

पत्र खरं आहे ना, याची मात्र खात्री करा. त्यावर प्राधिकृत अधिकाऱ्याची सही हवी. शाखेत स्वतः जा, खाते क्रमांक तिथेच तपासा. वसुलीवाला माणूस दारात येऊन दम देतो, ती नोटीस नव्हे. त्याच्या हातात रोख एक रुपयासुद्धा ठेवू नका.

सगळ्यात मोठा सापळा वेगळाच आहे. अडचणीतला मालक गोड बोलत येतो, “वर्षाचं भाडं एकदम रोख दे, दोन महिने माफ!” धंदेवाल्याला सूट म्हटलं की मोह होतोच. पण मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५० सद्भावनेने दिलेल्या भाड्याला संरक्षण देतं. शटरवर नोटीस बघितल्यावर दिलेल्या आगाऊ रोख रकमेला सद्भावना म्हणणार कोण? मग बँक तेच भाडं पुन्हा मागू शकते, आणि मालकाचा फोन तोवर बंद झालेला असतो.

गाळ्यात राहता येईल की नाही, हे तुमच्या कागदांवर ठरतं. भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण असलेल्या भाडेकरूला सरफेसीच्या जोरावर हुसकावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये स्पष्ट केलं. पण २०१९ च्या निकालात हेही सांगितलं की वर्षाहून जास्त मुदतीची भाडेकरारी सांगायची, तर नोंदणीकृत करार हवा. कर्जदाराला १३(२) ची नोटीस गेल्यानंतर बँकेच्या संमतीशिवाय केलेला करार तर फारच कच्चा. आणि आपल्याकडे बहुतेक गाळे ‘लीव्ह अँड लायसन्स’वर असतात, त्यात तुम्ही कायद्याने भाडेकरू नसता, परवानाधारक असता. तिथे पर्यायी जागा शोधायला आजच लागा.

भाडेकरारीचा हक्क सांगायचा असेल, तर कर्ज वसुली न्यायाधिकरणात कलम १७ खाली अर्ज करता येतो. मुदत कारवाईपासून ४५ दिवस. वकिलाकडे जाताना करार, सगळ्या पावत्या, वीजबिलं, दुकानाचा परवाना आणि त्या नोटिशीचा फोटो घेऊन जा. दुकान त्या जागेत कधीपासून आहे, हे याच कागदांवरून दिसतं.

डिपॉझिट? ते तुम्ही मालकाला दिलंय, त्यामुळे मागायचंही त्याच्याकडेच. लिलावात घेणारा नवा मालक हात वर करण्याची शक्यता जास्त. डिपॉझिट भाड्यात वळतं करायचा विचार असेल, तर बँकेचं पत्र यायच्या आधी, वकिलाला विचारून, लेखी करा.

नवीन गाळा घेताना नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स-२ शोधा, सेरसाईच्या नोंदवहीत गहाण आहे का बघा, सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावर बोजा तपासा. गहाण निघालं म्हणून गाळा लगेच सोडायची गरज नाही, अर्धा बाजार कर्जावरच उभा आहे. फक्त टोकन देण्याआधी मालकाकडून बँकेचं संमतीपत्र मागा. ते तो आणून देतो की टोलवाटोलवी करतो, ते बघा.