बडोद्यास बिऱ्हाड मांडण्यापूर्वी

दरवर्षी एप्रिल-मे महिन्यांत बडोद्यातील शिक्षकांच्या घरी एका ठरावीक प्रकारच्या पाहुण्यांची ये-जा सुरू होते. कोणाची धुळ्या-जळगावाहून बदली झालेली असते, कोणाला मकरपुऱ्याच्या एखाद्या कारखान्यात नवी नोकरी लागलेली असते, तर कोणी निवृत्तीनंतर मुलाच्या संसारापाशी येऊन राहू इच्छितो. या सर्वांचा पहिला प्रश्न एकच असतो : “सर, शाळा चांगली कोणती?” दुसरा प्रश्न घराच्या किमतीचा. या दोहोंची उत्तरे मिळाली की मंडळी इसार देऊन मोकळी होतात. पाणी, वारा आणि शेजार यांची चौकशी तेवढी राहून जाते, आणि मग घरात राहावयास गेल्यावर एकेका गोष्टीचा उलगडा होऊ लागतो.

बडोदे हे मराठी माणसाला परके गाव वाटत नाही, हेही या निष्काळजीपणाचे एक कारण असावे. गायकवाडांच्या दौलतीबरोबर येथे आलेली घराणी कित्येक पिढ्या येथेच नांदली. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो साऱ्या संस्थानाला लागू केला, हे आपण अभिमानाने सांगतो. मराठी साहित्य संमेलन येथे १९०९ साली भरले, तसेच ते २०१८ सालीही भरले. दांडिया बाजारातून, रावपुऱ्यातून हिंडताना मराठी कानी पडते. परंतु ज्या बडोद्याची कीर्ती ऐकून आपण येतो ते बहुतांशी चार दरवाजांच्या आतले आणि त्याच्या लगतचे बडोदे. नव्याने येणाऱ्यास घर मिळते ते गोत्रीला, समा-हरणीकडे, तरसाळीला किंवा वाघोडिया रस्त्यावर. तेथील माती, पाणी आणि माणसे निराळी आहेत. त्यांची चौकशी नव्यानेच केली पाहिजे.

पाणी : येणारे आणि शिरणारे

आरंभ विश्वामित्रीपासून करू. पावागडच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी शहराच्या मधोमध वळणे घेत जाते. उन्हाळ्यात तिच्याकडे पाहून कोणालाही ती ओढ्यासारखी वाटेल. पण ३१ जुलै २०१९ रोजी शहरावर एका दिवसात सुमारे पाचशे मिलिमीटर पाऊस कोसळला, आणि ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस नदीने २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर मजल मारली. दोन्ही वेळा नदीकाठच्या वसाहती पाण्यात गेल्या. नदीत मगरींची मोठी वस्ती आहे. पुराच्या दिवसांत त्या रस्त्यांवर आणि अंगणांत आल्याचे बडोदेकरांनी डोळ्यांनी पाहिले आहे.

पुराची कारणे केवळ आभाळात शोधून चालत नाहीत. नदीच्या दोन्ही अंगांना पूर्वी कोतरे होती. ती पावसाचे जादा पाणी सामावून घेत. त्यांतील कित्येक भरून त्यांवर इमारती उठल्या. शहरातले पाणी नदीकडे नेणारे जे ओढे, ज्यांना येथे ‘कांस’ म्हणतात, तेही जागोजाग अरुंद झाले. २०२५ च्या उन्हाळ्यात नदीचे पात्र खोल व मोकळे करण्याचे मोठे काम झाले, ही समाधानाची गोष्ट आहे. तथापि नदी खोल झाली म्हणून सखल जागा उंच होत नाही.

माझ्या परिचयाचे एक कुटुंब २०२२ साली नदीपासून जवळच्या एका सोसायटीत तळमजल्यावर राहावयास आले. दोन मुले, वृद्ध आई आणि नवरा-बायको. त्याच भागातील इतर घरांपेक्षा हे घर बरेच स्वस्त होते. ते स्वस्त का, हे विचारण्याचे कोणास सुचले नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांनी तीन दिवस वरच्या मजल्यावरील गुजराती शेजाऱ्यांच्या घरी काढले. शेजाऱ्यांनी आजींची औषधे आठवणीने आणून दिली आणि मुलांना पोटच्या पोरांप्रमाणे सांभाळले. पाणी ओसरल्यावर खाली येऊन पाहतात तो गाद्या, धान्य, शिलाईयंत्र, मुलीची दहावीची वह्या-पुस्तके, सारे चिखलात. घर विकावे तर गिऱ्हाईक नाही, राहावे तर प्रत्येक पावसाळ्यात छातीत धडकी. घराच्या किमतीत वाचलेले पैसे एका पुरात गेले, आणि झोप गेली ती वेगळीच.

म्हणून घर पाहावयास जायचे ते डिसेंबरच्या गोड थंडीत जाऊ नये. जुलै-ऑगस्टमध्ये, पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी जावे. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारास विचारावे : २०१९ साली पाणी कुठवर आले होते? २०२४ साली? दलाल सांगणार नाही, पण दुकानदार भिंतीवर हात ठेवून खूण दाखवील. इमारतीचे जोते रस्त्यापासून किती उंच आहे, विजेचे मीटर कोणत्या उंचीवर बसविले आहेत, पिण्याच्या पाण्याची टाकी जमिनीखाली असल्यास पुराचे पाणी तिच्यात शिरते काय, हे पाहावे. नळाचे पाणी कोठले, हाही प्रश्न विसरू नये. आजव्याचे सयाजी सरोवर आणि मही नदीच्या पात्रातील फ्रेंच विहिरी हे शहराचे मोठे आधार आहेत. शहराच्या सीमेवरील नव्या वसाहतींत मात्र कित्येक ठिकाणी बोअरच्या पाण्यावर दिवस काढावे लागतात. ते पाणी एका बाटलीत भरून तपासून घ्यावयास फारसा खर्च येत नाही.

वारा

कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना १९६५ साली सुरू झाला. त्याच्या मागोमाग खतांचे, रसायनांचे कारखाने आले आणि नंदेसरीची औद्योगिक वसाहत उभी राहिली. या कारखान्यांनी हजारो घरांच्या चुली पेटविल्या, आणि त्यांत मराठी घरेही पुष्कळ आहेत. त्यांची निंदा करून ज्या ताटात जेवावे त्यालाच नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. परंतु हे मोठे कारखाने मुख्यतः शहराच्या उत्तर व वायव्य अंगास आहेत. आपल्याकडे पावसाळ्यात वारे नैर्ऋत्येकडून वाहतात आणि हिवाळ्यात बहुधा उत्तरेकडून येतात. तेव्हा त्या बाजूला घर घ्यावयाचे असेल तर हिवाळ्यातल्या एखाद्या पहाटे तेथे जाऊन उभे राहावे आणि आपल्या नाकावर विश्वास ठेवावा. घरात दम्याचा रोगी किंवा तान्हे मूल असल्यास हा प्रश्न शाळेच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा मानावा. नोव्हेंबर २०२४ मध्ये कोयली येथे टाकीचा स्फोट होऊन आग लागली आणि दोघांचे प्राण गेले. असे प्रसंग विरळा, पण साठवणुकीच्या टाक्यांपासून आपले घर किती दूर आहे हे माहीत असणे केव्हाही चांगले.

शाळा

आता मूळ प्रश्नाकडे. शाळेची इमारत, गणवेश आणि प्रवेशद्वारावरील इंग्रजी पाटी यांवरून शाळा ओळखता येत नाही. पालकांनी शाळा चालू असताना जावे आणि चार गोष्टी पाहाव्यात. मुलांच्या वह्या तपासलेल्या आहेत का, आणि तपासताना नुसती बरोबरची खूण केली आहे की चूक सुधारून दिली आहे? वर्गात मुले किती? शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक वर्गांसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक आणि त्यापुढे आठवीपर्यंत पस्तीस मुलांमागे एक शिक्षक असे प्रमाण ठरविले आहे. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आहे का? आणि ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते? किल्ली शोधावी लागली तर काय समजावयाचे ते समजावे.

सुरक्षिततेबद्दल विचारण्यात संकोच बाळगू नये. १८ जानेवारी २०२४ रोजी हरणीच्या तलावात सहलीची नाव उलटून बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका दगावल्या. त्या दिवसापासून सहलीच्या परवानगीपत्रावर सही करताना बडोद्यातील प्रत्येक आईबापांचा हात क्षणभर थांबतो. तो थांबलाच पाहिजे. मुले किती, बरोबर शिक्षक किती, वाहन कोणते, हे विचारणाऱ्या पालकाचा राग येणारी शाळा आपल्या मुलासाठी नव्हे, असे खुशाल समजावे.

महाराष्ट्रातून येणाऱ्यांनी आणखी दोन बाबी ध्यानी घ्याव्यात. गुजरातेत २०२३-२४ पासून पहिलीच्या प्रवेशासाठी १ जून रोजी मुलाची सहा वर्षे पूर्ण व्हावी लागतात, तर महाराष्ट्रात ही गणना ३१ डिसेंबरपर्यंत धरली जाते. सप्टेंबर-ऑक्टोबरात जन्मलेल्या मुलाचे यात एक वर्ष अडकू शकते. दुसरे असे, की २०२३ च्या कायद्यानुसार गुजरातेतील सर्व शाळांत पहिली ते आठवी गुजराती शिकविणे बंधनकारक आहे, मग माध्यम कोणतेही असो. सहावीत येणाऱ्या मुलाने गुजरातीचे अक्षरही पाहिलेले नसते आणि वर्गातली इतर मुले पाच वर्षे पुढे असतात. अशा मुलास सुटीतच मुळाक्षरे गिरवावयास लावावीत. देवनागरी येणाऱ्यास गुजराती लिपी अवघड नाही, थोडा नेट तेवढा हवा.

माध्यमाचा प्रश्न सर्वांत नाजूक. मराठी माध्यमाच्या शाळा येथे कमी होत गेल्या, हे कटू सत्य आहे. घराजवळ चांगली मराठी शाळा असेल तर प्राथमिक वर्षे तेथेच काढावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. ती नसेल तर कच्च्या इंग्रजी शाळेपेक्षा पक्की गुजराती शाळा बरी. इंग्रजी न येणाऱ्या शिक्षकाकडून इंग्रजीत गणित शिकणारे मूल दोन्हींना मुकते. शेजारच्या मुलांची भाषा शिकलेले मूल निदान अंगणात तरी एकटे पडत नाही. मराठी मग घराने सांभाळावी. रोज रात्री दोन पाने मोठ्याने वाचून घेणे, आजोबांना आठवड्याला एक पत्र लिहावयास लावणे, एवढ्याने भाषा जगते. हे न करता “मुलाला मराठी वाचता येत नाही” म्हणून हळहळणे व्यर्थ आहे.

शेजार

जुन्या वाड्यांतून बाहेर पडलेली मराठी कुटुंबे आज शहरभर विखुरली आहेत. मराठी वस्तीतच घर हवे, असा हट्ट काही जण धरतात. त्यामागची ओढ मला समजते. हळदीकुंकवाला चार बायका जमाव्यात, गणपतीत आरतीला आवाज मिळावा, ही इच्छा रास्त आहे. परंतु संकटसमयी उपयोगी पडतो तो भाषेने जवळचा माणूस की भिंतीपलीकडचा, याचे उत्तर पुराने अनेकांना दिले आहे. म्हणून शेजार पारखताना भाषेपेक्षा सवयी पाहाव्यात. संध्याकाळी सोसायटीत मुले खेळतात काय? वृद्ध माणसे बाकावर बसलेली दिसतात काय? कचरा कोणत्या कोपऱ्यात पडतो? रात्री दहानंतर आवाज कसला येतो? एक संध्याकाळ तेथे घालविली की पुष्कळ कळते.

आणि सर्वांत शहाणपणाचा मार्ग म्हणजे घाई न करणे. येथे भाड्याचा करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो. जूनमध्ये शाळा सुरू होताना तो केला, तर एक पावसाळा, एक हिवाळा आणि शाळेचे बहुतेक वर्ष त्यात येऊन जाते. नदीचे पाणी, हिवाळ्यातला वारा, मुलाच्या वह्या आणि जिन्यात भेटणारी माणसे यांची परीक्षा तेवढ्या अवधीत होते. अकरा महिन्यांचे भाडे वाया गेले असे ज्यांना वाटते, त्यांनी ते वीस वर्षांच्या कर्जाशेजारी मांडून पाहावे. त्यानंतर जे घर घ्याल ते समजून-उमजून घेतलेले असेल.