आग विझली, बिल कुणाच्या नावावर?

अमेरिकेतील लॉस एंजेलिस परिसरात ७ जानेवारी २०२५ रोजी भडकलेले दोन मोठे वणवे ३१ जानेवारीला पूर्णपणे आटोक्यात आले. पॅसिफिक पॅलिसेड्स ही धनिकांची वसाहत आणि अल्टाडेना हे मध्यमवर्गीय उपनगर त्यांत बेचिराख झाले. ३१ जणांचा बळी गेला, तर १६ हजारांहून अधिक इमारती नष्ट झाल्या. कित्येक महिने पाऊस नसल्याने डोंगरउतारावरील झुडपे वाळून कोळ झाली होती. त्यात सांता आना वाऱ्यांनी ठिणग्या थेट लाकडी घरांच्या छपरांवर नेऊन टाकल्या. आग विझली, पण या नुकसानीची भरपाई कोण करणार, हा वाद मात्र विझलेला नाही.

विमा कंपन्यांवरील बोजा सुमारे ४० अब्ज डॉलर, म्हणजे साधारण साडेतीन लाख कोटी रुपये असल्याचा अंदाज स्विस री या पुनर्विमा कंपनीने वर्तवला. एकूण हानी याहून कितीतरी अधिक आहे. मुळात कॅलिफोर्नियातील विमा व्यवसाय आधीच डळमळीत झाला होता. १९८८च्या कायद्यानुसार तेथे हप्ता वाढवण्यासाठी राज्याच्या विमा आयुक्तांची संमती लागते. परवडत नाही म्हणून कंपन्यांनी वणवाप्रवण भागांतून काढता पाय घेतला. स्टेट फार्मने २०२४ मध्ये सुमारे ७२ हजार पॉलिसींचे नूतनीकरण न करण्याचे जाहीर केले होते. अशा घरमालकांना अखेरचा आधार उरतो तो ‘फेअर प्लॅन’चा. खासगी कंपन्यांनी मिळून चालवलेल्या या योजनेची गंगाजळी वणव्याने आटवली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिला कंपन्यांकडून एक अब्ज डॉलर गोळा करण्याची परवानगी मिळाली. त्यातील निम्मी रक्कम कंपन्यांना ग्राहकांकडून वसूल करता येते. ज्याच्या अंगणात राखही पडली नाही, अशा शेकडो मैल दूरच्या घरमालकालाही ही झळ बसू शकते. मे महिन्यात स्टेट फार्मला १७ टक्के तातडीची दरवाढही मिळाली.

रिकाम्या घरांवर चोरांची नजर पडणे ओघानेच आले. संचारबंदी लागली, नॅशनल गार्डचे जवान तैनात झाले. अग्निशामकाचा वेश करून घरफोडी करणाराही पकडला गेला. याच आगीशी लढणाऱ्यांत तुरुंगातील शेकडो कैदी होते आणि त्यांची मूळ रोजंदारी जेमतेम पाच ते दहा डॉलर होती! पांढरपेशी लूट निराळीच. आपत्तीकाळात दहा टक्क्यांहून अधिक भाववाढ तेथे गुन्हा ठरते. तरीही घरभाडी बेसुमार वाढवण्यात आली आणि ॲटर्नी जनरल रॉब बोन्टा यांना दलालांवर खटले भरावे लागले.

राजकीय धुरळा तर आगीच्या दिवसापासूनच उडाला. महापौर कॅरन बास त्या वेळी घानाच्या अध्यक्षांच्या शपथविधीसाठी परदेशात होत्या. पॅलिसेड्समधील सांता इनेझ जलाशय दुरुस्तीसाठी रिकामा होता आणि आग विझवण्याचे नळ कोरडे पडले. अग्निशमनप्रमुख क्रिस्टिन क्राउली यांनी निधीकपातीवर जाहीर टीका केली. २१ फेब्रुवारीला बास यांनी त्यांना पदावरून दूर केले. आगीच्या सकाळी सुमारे हजार जवानांना कामावर ठेवण्याऐवजी घरी पाठवले, असा ठपका बास यांनी ठेवला. अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी पाणीटंचाईचे खापर गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांच्यावर फोडले आणि दोन धरणांतून पाणी सोडायला लावले. ते पाणी लॉस एंजेलिसकडे जाणारे नव्हतेच.

अल्टाडेनाच्या पश्चिम भागाची व्यथा या गदारोळात मागे पडली. आग सायंकाळी लागली, पण तेथे घरे सोडण्याचा आदेश पहाटे तीननंतर निघाला. अल्टाडेनातील १९ मृत्यूंपैकी जवळपास सर्व याच भागातले.

आगीच्या उगमाचे प्रश्न न्यायालयात गेले. १ जानेवारीला लावलेली छोटी आग धुमसत राहून तिचाच पॅलिसेड्सचा वणवा झाला, असा आरोप ठेवून ऑक्टोबर २०२५ मध्ये एका २९ वर्षीय तरुणाला अटक झाली. त्याने आरोप नाकारला. अल्टाडेनाच्या आगीबद्दल मात्र सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने सदर्न कॅलिफोर्निया एडिसन या वीज कंपनीवरच दावा ठोकला. कंपनीची जबाबदारी सिद्ध झाल्यास भरपाईचा मोठा भाग २०१९ मध्ये स्थापन झालेल्या राज्याच्या वणवा निधीतून जाऊ शकतो. २१ अब्ज डॉलरच्या या निधीतील निम्मा वाटा वीजग्राहकांच्या बिलांतून येतो.