काचेतील जलोद्यान
जलवनस्पतींनी बहरलेल्या मत्स्यालयात पाणी भरले त्याच दिवशी मासे सोडणे म्हणजे त्यांच्या जिवाशी खेळ. दुकानदार हे सहसा सांगत नाही. माशांच्या कल्ल्यांतून व विष्ठेतून येणारा अमोनिया विषारी असतो. त्याचे आधी नायट्राइट आणि मग बरेच सौम्य नायट्रेट करणारे जिवाणू वाळूत व फिल्टरमध्ये रुजण्यास साधारणतः ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर बिनमाशांच्या पाण्यात चिमूटभर मत्स्यखाद्य टाकत राहावे, म्हणजे जिवाणूंची उपासमार होत नाही. नायट्रेट वनस्पतींच्या पोषणास लागते. कोळंबी सर्वांत शेवटी सोडावी. तांबेयुक्त औषधाचा अल्प अंशही तिला मारक ठरतो. शेवाळ फस्त करणारी एक जपानी कोळंबी छायाचित्रकार ताकाशी अमानो (१९५४-२०१५) यांनी लोकप्रिय केली. ती ‘अमानो’ याच नावाने विकली जाते.