पटवून देणारा कायदा

क्रीट बेटावरच्या क्नोसॉसहून तीन म्हातारे पायी निघाले आहेत. उन्हाळ्यातला सगळ्यांत मोठा दिवस. झ्यूसच्या गुहेपर्यंतची वाट लांबची, म्हणून मध्येच उंच सुरूंच्या सावलीत टेकायचं आणि पुन्हा चालू लागायचं. एक अथेन्सचा, एक स्पार्टाचा, एक क्रीटचाच. वाटभर विषय एकच, कायदे कसे करावेत. प्लेटोचा ‘लॉज’ हा बारा भागांचा संवाद असा सुरू होतो. प्लेटो म्हटलं की आपल्याला ‘रिपब्लिक’मधला तत्त्वज्ञ राजा आठवतो, मला उतारवयातला हा प्लेटो अधिक जवळचा वाटतो.

इ.स.पूर्व ३९९ मध्ये अथेन्सच्या न्यायसभेनं प्लेटोच्या गुरूला, सॉक्रेटिसला, मृत्युदंड दिला. प्लेटोच्या ‘क्रायटो’ या संवादात मित्र त्याला तुरुंगातून पळून जायला विनवतो, तेव्हा सॉक्रेटिस शहराच्या कायद्यांनाच बोलतं करतो. तुझ्या आईबापांचं लग्न आमच्या आधारानं झालं, तू इथंच वाढलास. आमचं चुकत असेल तर आम्हाला पटवून दे, नाहीतर आमचं ऐक, असा त्यांचा सूर आहे. इथं पटवायची जबाबदारी नागरिकावर आहे.

‘रिपब्लिक’मध्ये शहाण्या राज्यकर्त्यांपुढे लेखी कायदा मागं पडतो. पण सिराक्यूजचा तरुण राज्यकर्ता डायोनिसियस याला तत्त्वज्ञानाकडे वळवण्याचा प्लेटोचा प्रत्यक्ष प्रयत्न पार फसला. असा राजा मिळत नसेल, तर कायद्याचाच आधार घ्यायला हवा.

‘लॉज’मधल्या नव्या वसाहतीत, मॅग्नेशियात, कुटुंबं मोजून ५०४०. या संख्येला एकपासून दहापर्यंतच्या प्रत्येक आकड्यानं भाग जातो, त्यामुळे वाटण्या सोप्या. हे गणित गमतीचं खरं, पण मोलाची आहे ती दोन वैद्यांची उपमा. गुलामांवर उपचार करणारा वैद्य काही विचारत नाही, सांगत नाही. हुकूम सोडतो आणि पुढच्या रोग्याकडे धावतो. स्वतंत्र माणसांचा वैद्य रोग्याशी, त्याच्या घरच्यांशी बोलतो आणि रोग्याला पटल्याशिवाय औषध देत नाही. कायदा या दुसऱ्या वैद्यासारखा हवा. पुरुषानं तीस ते पस्तीस या वयात लग्न करावं, नाहीतर दंड, एवढं म्हणून भागत नाही. मुलाबाळांच्या रूपानं माणूस मागं उरतो आणि अमरत्वात वाटेकरी होतो, हे आधी समजावायचं, मग दंडाचं कलम. आता पटवण्याचं ओझं कायद्यावर आलं!

मात्र याच मॅग्नेशियात गुलाम आहेत, चाळिशीच्या आत परदेशी जायला बंदी आहे, आणि देवांविषयीच्या चुकीच्या मतांसाठी तुरुंग, प्रसंगी मृत्यूही आहे. सॉक्रेटिसचा शिष्य इथवर यावा, याचं मला फार वाईट वाटतं. कायदा बोलतो खरा, पण उलटून बोलायला नागरिकाला जागा फारशी उरत नाही.

ती जागा अ‍ॅरिस्टॉटल काही अंशी मोकळी करतो. प्रत्येकानं आपापलं आणून केलेली अंगतपंगत एका यजमानाच्या जेवणापेक्षा सरस ठरू शकते, तसा अनेकांचा एकत्रित निवाडाही, असं त्याचं म्हणणं. गुलामगिरीचं समर्थन त्यानंही केलंच. पण त्याच्या परंपरेतून १५८ राज्यघटनांचा अभ्यास झाला. त्यातली अथेन्सची घटना इजिप्तमध्ये मिळालेल्या पपायरसवरून १८९१ मध्ये छापली गेली. शेतीचे हिशेब लिहिलेल्या पपायरसच्या पाठीमागच्या बाजूला ती उतरवलेली होती.

तिच्यात न्यायसभेतलं मतदान बारकाईनं सांगितलंय. प्रत्येकाच्या हाती काशाच्या दोन चकत्या. एकीचा आस भरीव, दुसरीचा पोकळ. पोकळ म्हणजे फिर्यादीला मत, भरीव म्हणजे आरोपीला. दोन्ही बाजू ऐकून झाल्या की आसाची टोकं चिमटीत झाकून उठायचं, म्हणजे मत कुणाला ते शेजाऱ्यालाही दिसत नाही.